गल्लीतली बेवारस गाडी हलवायची कशी: पहिल्या अर्जापासून लिलावापर्यंत

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पांढरी ओमनी सव्वादोन वर्ष उभी होती आणि तिच्या बाजूला भिंतीला टेकवलेली एक जुनी मोटारसायकल. ओमनीचं आधी एक टायर बसलं, मग बॅटरी गेली, मग काच फुटली, मग कोणीतरी मागची सीटच उचलून नेली, आणि पावसाळ्यात मागं पडलेल्या स्टेपनीत पाणी साचून एवढे डास झाले की त्या वर्षी गल्लीतल्या दोन लेकरांना डेंग्यू निघाला. तोंडी सगळ्यांना सांगून झालं होतं, नगरसेवकाला, बीटच्या हवालदाराला, मनपाच्या मुकादमाला, आणि सगळे "बघतो" म्हणायचे, पण कोणाच्याच टेबलावर त्या गाडीचा एक कागद नव्हता. शेवटी लेखी अर्ज दिला तेव्हा ओमनी दीड महिन्यात गेली, मोटारसायकलचा निकाल लागायला मात्र चौदा महिने लागले. दोन्हींचा रस्ता वेगळा का झाला ते पुढं सांगतो, त्यातूनच सगळी प्रोसेस समजते.

गाडी मनपाची होत नाही

बरेच जण म्हणतात मनपानं उचलावी आणि विकून टाकावी. तसं होत नाही बगा. गाडी कितीही सडली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच ती मालमत्ता, टोचन करून नेली म्हणून मालकी बदलत नाही. मालकाला शोधलं, जाहीर बोलावलं, मुदत दिली, कोणी आलं नाही, आणि मग मॅजिस्ट्रेटनं किंवा पोलीस आयुक्तालय असेल तिथं आयुक्तांनी लेखी हुकूम काढला, तेव्हाच तिची विल्हेवाट लावता येते, आणि तेव्हाही ती राज्य सरकारच्या हवाली होते. मनपा रस्ता मोकळा करू शकते, ठेवायला जागा देऊ शकते, पण मालकीचा प्रश्न पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्याकडूनच सुटतो. म्हणून नुसता मनपाला अर्ज देऊन बसलात तर फार तर गाडी इथून उचलून तिथं जाते.

आणि एक हात जोडून सांगतो, भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. आमच्या गल्लीत पण ठरलं होतं, भंगारवाला तयार होता, पैसे गणपतीच्या वर्गणीत टाकायचे इथपर्यंत बोलणं झालं होतं. गल्लीतल्या एका रिटायर झालेल्या जमादार काकांनी अडवलं. म्हणाले, "चोरीची निघाली तर विकणारे तुम्हीच, घेणारा तो, आणि दोघं पण आत." पुढं ती ओमनी खरंच चोरीची निघाली.

पहिलं काम: गाडी कुठं उभी आहे ते नीट बघा

जागेवरून ठरतं कोणाकडं जायचं. सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, चौक, मैदान असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२७ लागतं. सार्वजनिक ठिकाणी गाडी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस, लक्ष न देता सोडली असेल, किंवा नो पार्किंगमध्ये असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोचन करून हलवायचा किंवा जॅमर लावायचा हुकूम देऊ शकतो. जळालेली, चेंदामेंदा झालेली, अर्धी खोललेली गाडी रहदारीला धोका होत असेल तर लगेच हलवता येते, १० तासाची पण वाट बघायची नाही. आणि टोचनचा सगळा खर्च मालकाच्या बोडक्यावर, दंड वेगळा. म्हणजे कायदा कडक आहे, अडतं ते क्रेन आणि जागेपाशी. पोलीस ठाण्याच्या आवारात आधीच गाड्यांचा ढीग लागलेला असतो, नवीन आणून ठेवायची कुठं हा त्यांचा खरा प्रश्न असतो, म्हणून मनपाला सोबत घ्यावं लागतं.

नॅशनल हायवेवर असेल तर १०३३ ला फोन करा, ती हायवेची हेल्पलाईन आहे. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखाना यांच्या आवारातली असेल तर आगारप्रमुख, स्टेशन मास्तर किंवा दवाखान्याचे अधिकारी यांच्याकडं अर्ज देऊन त्यांनाच पोलिसांना पत्र द्यायला लावा. सोसायटीच्या किंवा खाजगी प्लॉटच्या आत असेल तर १२७ नुसार सरळ टोचन होईलच असं धरून चालू नका, तिथं आधी सोसायटीनं आरसीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवावी आणि तिची कॉपी लावून पोलिसांत अर्ज द्यावा.

आपल्या मराठवाड्यात अजून एक प्रकार लई दिसतो. उसाचा सीझन संपला की रोडच्या कडंला मोडलेल्या ट्रॉल्या तशाच पडायलेत, जुने पाण्याचे टँकर पडायलेत. लोकांना वाटतं इंजिन नाही म्हणजे गाडी नाही. पण मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर पण येतो, म्हणून ट्रॉलीला पण तेच कलम. रात्री मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मोटारसायकलवाला धडकून मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तर ट्रॉलीसाठी अर्ज देताना "रहदारीला धोका" हे शब्द ठळक लिहा.

दुसरं: गाडीची कुंडली काढा

नंबरप्लेट असेल तर सोपं आहे. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की कोणत्या आरटीओची, कोणतं मॉडेल, रजिस्ट्रेशन कधी, फिटनेस आणि इन्शुरन्स कधी संपला हे दिसतं, मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं पण पोलिसांना पूर्ण मिळतं. नुसता नंबर बघून पण अंदाज येतो, एमएच २४ म्हणजे आपली लातूरची, २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. लांबच्या जिल्ह्याचा नंबर असेल आणि गल्लीत कोणाचा पाहुणाराऊळा नसेल तर तिथंच थोडी शंका घ्या.

नंबरप्लेट काढून नेलेली असेल, आणि बेवारस गाडीची बहुतेक नसतेच, तर चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा कायमचा ओळख नंबर, बघा. मोटारसायकलचा हँडलच्या खाली फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेला असतो, कारचा बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली. बाहेरून दिसला तरच घ्या, लॉक तोडू नका, दार उचकू नका, आत हात घालू नका. गाडीत काही आक्षेपार्ह दिसलं, बॅग, बोचकं, रक्ताचे डाग, वास, काहीही, तर फोटोच्या नादाला न लागता ११२ ला फोन करा.

चोरीची आहे का हे आपल्याला पण बघता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं, म्हणजे एनसीआरबीचं, वाहन समन्वय म्हणून पोर्टल आहे, त्यावर रजिस्ट्रेशन, चेसिस आणि इंजिन नंबर टाकला की चोरीच्या नोंदीत ती गाडी आहे का ते कळतं. सेकंडहँड गाडी घेताना पण हे करायची सवय लावा.

फोटो चारही बाजूंनी काढा, एका फोटोत मागचं दुकान किंवा शाळेची पाटी आली पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून परत काढा. दोन तारखांचे दोन फोटो जोडले की "गाडी कालच लावली" असं कोणी म्हणू शकत नाही.

तिसरं: अर्ज, आणि पोच

अर्ज एकच, पण दोन ठिकाणी. मुख्य अर्ज हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे, त्याची प्रत शहर वाहतूक शाखेला. दुसरा मनपा आयुक्तांच्या नावे, झोन कार्यालयात किंवा अतिक्रमण विभागात. लातूर, नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर इथं महानगरपालिका आहेत, त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ नुसार रस्त्यावर अडथळा होणारी वस्तू नोटीस न देता हटवता येते. नगरपरिषदेच्या गावात मुख्याधिकारी, खेडेगावात ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) आणि पोलीस पाटील.

मजकूर लांबवू नका. आम्ही असा लिहिला होता: "अमुक गल्लीच्या तोंडाला, अमुक दुकानासमोर, पांढऱ्या रंगाची ओमनी, नंबरप्लेट नाही, चेसिस नंबर असा, अंदाजे अमुक महिन्यापासून बेवारस उभी आहे. परिसरात चौकशी केली, कोणीही मालकी सांगत नाही. रहदारीला अडथळा होतो, टायरमध्ये पाणी साचून डास होतात. मोटार वाहन कायदा कलम १२७ नुसार गाडी हलवावी, चोरीची आहे का याची पडताळणी करावी आणि केलेल्या कारवाईची माहिती लेखी द्यावी." खाली गल्लीतल्या दहाबारा जणांच्या सह्या.

डेंग्यूचा मुद्दा मनपाच्या अर्जात आवर्जून टाका आणि एक प्रत आरोग्य विभागाला द्या, आमच्याकडं सगळ्यात आधी हलला तो मलेरिया विभागाचाच माणूस, त्यानं येऊन स्टेपनीतलं पाणी ओतून दिलं, औषध टाकलं आणि त्याचा रिपोर्ट आमच्या अर्जाला जोडला गेला. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा, पुढचं सगळं त्या पोचवर चालतं.

पोलीस पुढं काय करतात

जागेवर येऊन पंचनामा होतो. पंच म्हणून गल्लीतले दोघं लागतात, तिथं मागं सरू नका, तासाभराचं काम असतं. पंचनाम्यात गाडीत काय आहे आणि काय नाही हे सगळं आलं पाहिजे, बॅटरी नाही, सीट नाही, काच फुटलेली, नाहीतर उद्या मालक आला तर सामान कोणी काढलं हा वाद होतो. मग चेसिस नंबरवरून आरटीओकडून मालकाचा पत्ता काढतात आणि नोटीस जाते. इथून तीन वाटा फुटतात.

पहिली, मालक जिवंत, पत्ता बरोबर, गाडी त्याचीच. तो आरसी, ओळखपत्र घेऊन येतो, टोचनचा खर्च आणि दंड भरतो, गाडी घेऊन जातो. बऱ्याचदा नोटीस हातात पडली की रातोरात गाडी गायब होते.

दुसरी, गाडी गुन्ह्यातली निघते. आमच्या ओमनीचं हेच झालं. चेसिस नंबर टाकल्यावर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्यात चोरीचा गुन्हा नोंद असल्याचं निघालं. मग त्या ठाण्याचे लोक येऊन ताबा घेऊन गेले आणि मालकानं कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची हमी लिहून देऊन, गाडी सोडवली. हा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो, आधीच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे सीआरपीसीत, ते ४५१ आणि ४५७ होतं. २००२ सालीच सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाई केसमध्ये सांगून ठेवलंय की गाड्या ठाण्यात सडवत ठेवण्यात अर्थ नाही, फोटो आणि पंचनामा करून, बॉण्ड घेऊन लवकर परत द्या, आणि मालक, इन्शुरन्स कंपनी, कोणीच घेत नसेल तर लिलाव करा. तुमची गाडी अशी अडकली असेल तर वकिलाला या निकालाचं नाव सांगा. चोरीचा क्लेम इन्शुरन्स कंपनीनं आधीच दिलेला असेल तर मात्र गाडीवर हक्क कंपनी सांगते, मालक नाही.

ओमनीचा मालक भाजीचा धंदा करणारा माणूस होता, त्याच गाडीत माल न्यायचा. गाडी न्यायला आला तेव्हा नुसता सांगाडा राहिला होता, तो पत्र्यावर हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. पहिल्या महिन्यात लेखी कळवलं असतं तर त्याला चालती गाडी मिळाली असती, हे मला अजून खुपतं.

तिसरी वाट, कोणीच सापडत नाही. ही सगळ्यात लांबची, आमची मोटारसायकल याच वाटेनं गेली.

मालक सापडलाच नाही तर

बेवारस मालमत्ता ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ८२ मध्ये आहे. त्याची खबर मॅजिस्ट्रेटला जाते, मराठवाड्यात आयुक्तालय संभाजीनगरला आहे तर तिथं आयुक्तांकडं. मग जाहीरनामा निघतो, गाडीचं वर्णन, नंबर, चेसिस, इंजिन नंबर देऊन ज्याची असेल त्यानं ६ महिन्यांत कागदपत्रं घेऊन यावं असं त्यात असतं. पेपरात "बेवारस वाहनांबाबत जाहीर आवाहन" म्हणून जी बारीक अक्षरातली यादी येते ती हीच. ज्यांची गाडी चोरीला गेलीय त्यांनी या याद्या वाचत जा, खरंच सापडतात. मावळातली गंगामाता वाहन शोध संस्था ठाण्यांत पडलेल्या गाड्यांचे चेसिस नंबर काढून मूळ मालकांपर्यंत पोचवायचं काम करते, तिच्यामुळं पण अनेकांना वर्षानुवर्षांनी फोन गेलेत.

संशयास्पद म्हणून जप्त केलेली असेल तर संहितेचं कलम ५०३ आणि ५०४, तिथं पण ६ महिन्यांचीच मुदत, आणि मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही तर मॅजिस्ट्रेट हुकूम काढतो की ही मालमत्ता राज्य सरकारच्या हवाली आणि विकता येईल. मालक माहीत नसेल आणि किंमत १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर कलम ५०५ मध्ये मॅजिस्ट्रेट आधीच विक्रीचा हुकूम देऊ शकतो. गंजलेल्या मोटारसायकली बहुतेक याच्यात बसतात, तरी हे कलम कोणी फारसं वापरत नाही. अर्जात याचा उल्लेख करा, निदान विषय तरी निघतो.

हुकूम आला की आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक येऊन किंमत काढून देतो आणि लिलाव लागतो.

लिलाव

लिलावाची सूचना ठाण्याच्या बोर्डावर आणि पेपरात येते, मोठे लॉट असतील तर एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाईन पण होतात. आधार, पॅन आणि अनामत रक्कम लागते, भंगाराच्या लॉटला बऱ्याचदा जीएसटी नोंदणी मागतात. गाडी आधी बघायला देतात, तेव्हा जाच. बोली लागली की उरलेली रक्कम आणि जीएसटी ठरलेल्या मुदतीत भरायचा आणि गाडी स्वतःच्या खर्चानं उचलायची, उशीर झाला तर अनामत जाते.

इथं लोक फसतात ते एका गोष्टीत. लिलाव "भंगार" म्हणून आहे का "वापरायोग्य" म्हणून, हे सूचनेत नीट वाचा. भंगार म्हणून घेतलेली गाडी परत रस्त्यावर आणता येत नाही, तिचं रजिस्ट्रेशन रद्द करायला आरटीओला पत्र जातं. वापरायोग्य म्हणून असेल तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओत फॉर्म ३२ भरून नाव चढवायचं, सोबत लिलावाचा हुकूम आणि विक्रीचा दाखला. आधीचा टॅक्स, ई-चलन, फायनान्सचा बोजा याचं काय, ते बोली लावायच्या आधी विचारा, नंतर कोणी दाद देत नाही.

भंगार गाडी तोडायची पण रीत आहे. २०२१ च्या नियमांपासून नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रं आलीत, लिलावातल्या आणि बेवारस गाड्या तिथं जाऊ शकतात. ते आधी चोरीच्या नोंदी तपासतात, ऑइल, गॅस, बॅटरी वेगळी काढतात, चेसिस नंबरचा तुकडा कापून ठेवतात आणि स्क्रॅपिंगचं सर्टिफिकेट देतात. चेसिस नंबरचा तुकडा महत्त्वाचा, कारण तो मोकळा सुटला तर चोरीच्या दुसऱ्या गाडीवर चढतो. आपल्याकडं जालन्यात स्टीलच्या भट्ट्या असल्यानं भंगार लोखंडाला गिऱ्हाईक कायम आहे, म्हणूनच परस्पर कापायचा मोह जास्त.

लिलावाचा पैसा सरकारजमा होतो, गल्लीला किंवा तक्रार करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. आमच्या मोटारसायकलचं असंच झालं, दुसऱ्या तीसेक गाड्यांसोबत एका लॉटमध्ये गेली.

अर्ज दिला आणि काहीच हललं नाही तर

महिना थांबा, मग आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका आणि पोचचा फोटो जोडा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, पंचनाम्याची प्रत द्या, मालकाला नोटीस पाठवल्याची तारीख द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. आमचा अनुभव असा की माहिती अधिकाराचा अर्ज पडला आणि त्याच आठवड्यात पंचनामा झाला. त्यानंही नाही झालं तर संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे प्रांताकडं, सार्वजनिक उपद्रव म्हणून अर्ज देता येतो. भांडायला जाऊ नका, ठाण्यात माणसं कमी आणि कामं ढीगभर, पण आठवड्याला एक चक्कर मारून अर्जाचा आवक नंबर सांगून विचारत राहा.

आणि गाडी तुमचीच असेल तर

गाडी विकली आणि नुसता बाँड पेपर करून मोकळे झाले असाल तर ती कायद्यानं अजून तुमचीच आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार केसमध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. अपघात झाला, गुन्ह्यात वापरली, रस्त्यावर बेवारस सोडली, नोटीस तुमच्याच दारात येणार. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललंय का ते एमपरिवहनवर स्वतः बघा. वडील वारलेत आणि त्यांची गाडी दारात उभी आहे, तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर घ्या, अर्ज ३ महिन्यांत करायचा असतो, उशीर झाला तरी करा. गाडी कायमची मोडली असेल तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवून रजिस्ट्रेशन रद्द करायचं.

शेवटचं काम जागेचं. गाडी उचलली त्याच दिवशी मनपाच्या स्वच्छता निरीक्षकाला बोलवून काचा आणि सांडलेलं ऑइल साफ करून घ्या, लेकरं तिथंच खेळतात. मोकळी जागा दिसली की पंधरा दिवसांत दुसरी गाडी येऊन उभी राहते, म्हणून लगेच वाहतूक शाखेला नो पार्किंगच्या पाटीसाठी अर्ज द्या. आमच्या इथं पाटी येईपर्यंत आम्ही दोन सिमेंटच्या कुंड्या ठेवल्यात, मनपाला विचारून.